बाकीच्या गाड्या जाऊन राहिल्या नं!

धरमपेठ, नागपूर

भाऊ,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आपली रीत आहे. आज ती मी मोडते. ‘भाऊ’ म्हणते तेही एवढ्यासाठीच, की गेली चार वर्षं तुम्हाला भाऊच म्हणत आले आणि जिभेला दुसरा शब्द ठाऊक नाही. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुमच्या टूर कंपनीचंही नाही. वर्णन वाचून गाडी तुम्हाला ओळखू येईल. ओळखू आली, की पुढचं पत्र बसून वाचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौदा जण तुमच्या टेम्पो ट्रॅव्हलरने मनालीला गेलो. माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई, दोन भाचरं, शेजारचे काका-काकू, आणि बाकी आमचं घर. तुमचं पत्रक अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुशबॅक सीट, एलईडी दिवे, म्युझिक सिस्टीम, प्रत्येक सीटपाशी मोबाइल चार्जर, साबुदाण्याची खिचडी, परतीच्या दिवशी पुरणपोळी. एकूण सोळा सोयी तुम्ही मोजून छापल्यात. त्या सोळांत ‘टायर’ हा शब्द नाही. ‘साखळी’ हाही नाही. बर्फात नेणाऱ्या सहलीच्या पत्रकात खिचडीला जागा मिळाली आणि चाकांना मिळाली नाही, हे मी तेव्हाच वाचायला हवं होतं. पहाटे चार वाजता लक्ष्मीभुवन चौकातून गाडी निघाली तेव्हा अंधार होता, आईला चढवायची घाई होती, आणि मी वाकून मागचं चाक पाहिलं नाही. ही माझी चूक. ती मी कबूल करते, कारण माझे बाबा तीस वर्षं नागपूरजवळच्या वाडीला टायरचंच काम करत होते. हातात टॉमी धरून मोठी झालेली मुलगी मी. मला कळायला हवं होतं.

तुम्हाला मात्र कळत होतं. माझा राग त्याचाच आहे.

गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती जुनी होती; पण नागपूरहून निघून सिवनी, सागर, झाशी, आग्रा करत ४४ नंबरच्या महामार्गाने तिने आम्हाला अंबाल्यापर्यंत मुकाट नेलं. तिथून पुढचा डोंगरही ती चढली. दीड हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, आणि एकदाही बॉनेट उघडावं लागलं नाही. आपल्या पुण्याच्या बजाज टेम्पोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझकडून घेतलेल्या आराखड्यावर ऐंशीच्या दशकात ही गाडी बांधायला घेतली. तिकडे या घडणीच्या गाड्या बर्फातही चालत आल्यात. पण तिथे हिवाळी रस्त्यावर हिवाळी टायर लागतात. २०१० पासून तर जर्मनीत तसा कायदाच आहे. म्हणजे गाडी बर्फात चालू शकते. तुम्ही आम्हाला गाडी दिलीत आणि तिला चालवणारी गोष्ट नागपुरात ठेवून घेतलीत.

मागचे टायर गोटा झाले होते, भाऊ. मनालीच्या हॉटेलसमोर सकाळी उजेडात मी पाहिलं. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की समजायचं खाच १.६ मिलिमीटर उरली. मोटार वाहन नियमांनी घालून दिलेली ही शेवटची मर्यादा आहे, आणि ती कोरड्या आणि ओल्या डांबराचा विचार करून. बर्फावर निदान ४ मिलिमीटर खाच हवी, असं थंड मुलखातले जाणकार सांगतात, कारण बर्फ त्या खाचेत दाबून भरतो आणि पकड तिथूनच मिळते. तुमच्या डाव्या मागच्या चाकावर उंचवटे आणि रबर एका पातळीत आले होते. उजव्या बाजूचा टायर रिमोल्ड केलेला होता, तोही पुन्हा झिजलेला. शिवाय आपल्याकडच्या टायरचं रबर आपल्या उन्हासाठी घडवलेलं असतं. तापमान सातएक अंशांच्या खाली गेलं, की ते कडक होत जातं आणि रस्त्याला चिकटायचं सोडून घसरतं. आपल्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा गावभर शेकोट्या पेटल्या आणि दुपारी लोक पुन्हा उन्हात बसले. मनालीच्या पुढे सोलंगला हिवाळ्यात दुपारदेखील सावलीत शून्याच्या आसपास राहू शकते.

मी तुमच्या ड्रायव्हरला बोलावून चाक दाखवलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आधीच पुरेसा त्रास झालाय. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहत होता. पचमढी, शेगाव, शिर्डी, फार तर महाबळेश्वर, एवढा त्याचा अनुभव. त्याने माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून तुमचा शब्द न् शब्द मी ऐकला. तो म्हणाला, “भाऊ, इथले लोक म्हणतात साखळी लागते, नाहीतर इथलीच फोर बाय फोर करा.” तुम्ही विचारलंत, “किती म्हणतात?” त्याने आकडा सांगितला. तुम्ही म्हणालात, “राहू दे. बाकीच्या गाड्या जाऊन राहिल्या नं! तू काहून भेतो?”

हे वाक्य मी आठ महिने डोक्यात घेऊन फिरते आहे. बाकीच्या गाड्या जाऊन राहिल्या नं. त्यांतल्या किती गाड्यांच्या चाकांना साखळ्या होत्या, किती पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या होत्या, किती चारही चाकांवर चालणाऱ्या होत्या, हे तुम्ही धरमपेठेतल्या खुर्चीवरून पाहिलं नव्हतं. पाहायचं होतं तर आधीच्या बातम्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा याच पट्ट्यात बर्फ पडून हजारभर गाड्या अडकल्या होत्या, आणि घसरत्या गाडीतून उडी मारणाऱ्या ड्रायव्हरांचे व्हिडिओ आपल्या कॉलनीच्या ग्रुपवरसुद्धा फिरले होते. पूर्वी रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद व्हायची, ३,९७८ मीटर उंचीवर जायची कुणाची छाती नव्हती. ३ ऑक्टोबर २०२० ला खिंडीखालून जाणारा ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा सुरू झाला आणि डिसेंबरात लाहौलमधल्या सिस्सूपर्यंत गाडी जायला लागली. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा असतो. बोगद्याच्या तोंडाशी, तीन हजार मीटरवर, तो कोरडा नसतो. तुमच्या पत्रकात बोगद्याचा फोटो आहे. त्याच्या तोंडाशी काय असतं ते नाही.

आता मागच्या चाकांचं सांगते, कारण ‘ड्रायव्हरला चालवता आली नाही’ हे तुम्ही नंतर गल्लीभर सांगितलंत.

या गाडीचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. त्याच कंपनीची जुनी मॅटाडोर पुढच्या चाकांनी ओढायची. ट्रॅव्हलर मागून ढकलते. भरलेल्या गाडीत मागच्या सीटवरची माणसं नेमकी त्या चाकांवर बसलेली असतात, म्हणून कोरड्या घाटात ती छान चढते. सोलंगच्या पुढे धुंदीकडे जाताना मात्र रस्त्यावरचा बर्फ आदल्या दिवसाच्या गाड्यांनी दाबून आरशासारखा केला होता. जूनच्या पहिल्या सरीनंतर काटोलकडच्या काळ्या मातीच्या पांदणीवर बैलगाडी कशी जागच्या जागी फिरते ते तुम्ही पाहिलं असेल. इथे तर मातीला असते तेवढीही पकड नव्हती. एका वळणावर डावं चाक गरगर फिरायला लागलं आणि उजवं ढिम्म उभं. साध्या डिफरन्शियलची रीतच ती, पकड नसलेलं चाक नुसतं फिरत राहतं आणि दुसऱ्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो.

ड्रायव्हर म्हणाला, सगळे उतरा, गाडी हलकी करा. सपाट रस्त्यावरच्या चिखलात तो हेच करत आलाय, त्यात त्याचा दोष नाही. आई आणि लेकरं सोडून आम्ही अकरा जण उतरलो. माणशी साठ किलो धरले तरी साडेसहाशे किलो वजन खाली आलं, त्यातलं बरंचसं मागच्या चाकांवरचं. गाडी आणखी घसरली. तिचा मागचा भाग दरीच्या बाजूला हातभर सरकला, आणि आत माझी आई होती.

बाबा पावसाळ्यात रिकाम्या टाटा ४०७ च्या हौद्यात, अगदी मागे, रेतीची पोती टाकायला सांगायचे. ते मला तिथे आठवलं. आई आणि मुलांना आधी उतरवलं. मग आमच्यातले चार धडधाकट पुरुष शेवटच्या सीटवर बसवले. ढाब्यावरून मागून आणलेली राख चाकांपुढे पसरली, त्यावर तुमच्या स्वयंपाकाच्या सामानातली दोन बारदानं अंथरली आणि ड्रायव्हरला सांगितलं, दुसऱ्या गिअरमध्ये, रेस न देता, फक्त क्लच सोड. गाडी चढली. हे सगळं पाहून मागच्या गाडीतला एक मंडीचा ड्रायव्हर हसत म्हणाला, बहनजी, साखळी असती तर पाच मिनिटांचं काम होतं. त्याने त्याची दाखवली. चाकापुढे अंथरायची, गाडी तिच्यावर घ्यायची, वरून आवळायची. ताशी तीसच्या वर जायचं नाही आणि कोरडं डांबर लागलं की काढून ठेवायची. आपल्या पिकअपच्या मागच्या चाकांवर त्याने ती चढवली होती, कारण जोर त्या चाकांना असतो. त्याला हे माहीत होतं. तुमच्या ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम तुमचं होतं.

तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. आम्ही तसं म्हटलंही. ड्रायव्हरने पुन्हा तुम्हाला फोन केला. सिस्सूचा पॉइंट पत्रकात आहे, तो सुटला तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल, हे तुमचं उत्तर. आम्ही पैसे परत मागितले नसते, भाऊ. आम्हाला विचारलं असतं तर मनालीच्या हॉटेलात कांदाभजी खाऊन आम्ही आनंदात राहिलो असतो.

परत येताना काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण लिहिताना अजून हात थरथरतो. दुपारी तीननंतर बर्फ पडायला लागला. बोगद्यातून बाहेर आल्यावर पुढे सगळा उतार. उतारावर मागच्या चाकांची गाडी वेगळी फसवते. ब्रेक दाबला की पुढची चाकं अडकतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. तुमच्या त्या जुन्या गाडीला एबीएस नाही. ब्रेक न दाबता खालच्या गिअरवर रोखायला गेलं, तर तो रोध फक्त मागच्या चाकांवर येतो आणि मागचा भाग बाजूला पळतो. दोन्ही टाळून, पावलागणिक उतरायला हात बसलेला असावा लागतो. निसरड्या बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं. तेवढं अंतर त्या रस्त्यावर दोन वळणांच्या मध्येही नसतं. तिसऱ्या वळणावर मागचा भाग सुटला. ड्रायव्हरने गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या बाजूला नेली, बर्फाच्या ढिगात घातली. बंपर फुटला, डावा दिवा गेला, कुणालाही खरचटलं नाही. ज्याला तुम्ही चालवता येत नाही म्हणता, त्या माणसाने अर्ध्या सेकंदात चौदा जीव डोंगराकडे वळवले.

मग अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या, वरून बर्फ. तुमचा तिसरा फोन याच वेळचा. “इंजिन चालू ठेवा, हिटर लावा, काचा बंद करा, सकाळपर्यंत बसा.” आई थंडीने कापत होती, म्हणून आम्ही तसं केलं. दीड तासाने काकूंचं डोकं जड झालं. धाकटा भाचा झोपला आणि हाक मारली तर नीट उठेना. आम्ही त्याला दमलाय म्हणालो. तेवढ्यात कुणीतरी काच वाजवली. बाहेर एक गावकरी होता, हातात फावडं. त्याने रागावून काचा खाली करायला लावल्या, इंजिन बंद करायला लावलं आणि गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड बर्फातून उकरून काढलं. ते पूर्ण बुजलं होतं.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या गावी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान बावीस माणसं गेली. लेकरंबाळं घेऊन निघालेली आपल्यासारखीच कुटुंबं होती ती. त्यांतली बरीच थंडीने गेली नसावीत, सायलेन्सर बर्फाने बंद झाल्यावर गाडीत शिरलेल्या धुराने गेली असावीत, असं तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं आलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याने येणारी झोप साध्या झोपेसारखीच दिसते. काच उघडल्यावर वीसेक मिनिटांनी भाचा रडायला लागला. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कुणाचं रडणं ऐकलं नव्हतं.

त्या गावकऱ्याने आमच्याकडून चहाचे पैसेही घेतले नाहीत. तो पुढच्या गाडीकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. रात्री अकराला पोलिसांच्या गाड्यांनी आम्हाला खाली आणलं, आईला एका हवालदाराने पाठुंगळी घेतलं. या लोकांची नावं मला माहीत नाहीत. तुमचा नंबर मात्र पाठ आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा खर्च आम्हाला परवडत नाही, स्पर्धा आहे, गिऱ्हाईक दर पाहतं. मी टायरवाल्याची मुलगी आहे, मला भाव माहीत आहेत. चांगल्या साखळ्यांची जोडी आणि मागच्या चाकांचे नवे टायर, दोन्ही चौदा माणसांत वाटलं तर माणशी किती येतं, ते तुम्ही कागदावर मांडा.  तेही नको असेल तर गाडी मनालीतच उभी ठेवा आणि पुढच्या रस्त्यासाठी तिथली फोर बाय फोर, तिथला ड्रायव्हर घ्या. त्या डोंगरातल्या माणसांचं ते पोट आहे आणि आपल्या माणसांचं रक्षण. बर्फ ज्या दिवशी पडेल त्या दिवशी पॉइंट रद्द, हे पत्रकात पहिल्या ओळीत छापा. आणि रेडिएटरमध्ये कूलंट भरा. तुमच्या गाडीत नळाचं पाणी होतं. गोठलं की पाणी नऊ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिन फोडतं. त्या रात्री इंजिन बंद केल्यावर गाडीचंही तेच झालं असतं. तिच्या नशिबाने पहाटेपर्यंत ती मनालीच्या गॅरेजात पोहोचली.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र खुलं लिहिलं, ती. तुम्ही ड्रायव्हरच्या पगारातून बंपर, दिवा आणि मनालीच्या क्रेनचे पैसे कापलेत. तीन महिने, हप्त्याने. मला त्याच्या बायकोने सांगितलं, गोकुळपेठच्या बाजारात भेटली तेव्हा. गोट्या टायरांवर गाडी धाडणारे तुम्ही, आम्ही नको म्हणत असताना पुढे ढकलणारे तुम्ही, बुजलेल्या सायलेन्सरवर इंजिन चालू ठेवायला सांगणारे तुम्ही, आणि भरपाई त्याची? आमच्या चौदा जणांपैकी बारा जण लिहून द्यायला तयार आहेत की त्या दिवशी त्याने आधी साखळीसाठी आणि मग मागे फिरायला परवानगी मागितली. उरलेली दोन लेकरं आहेत, त्यांची सही चालत नाही. त्याचे पैसे परत करा. ही विनंती नाही. पंधरा दिवसांनी आम्ही बारा जण तुमच्या कचेरीत येऊ आणि पैसे मिळाल्याची पावती त्याच्या हातात पाहू.

परवा संध्याकाळी भाच्यांना घेऊन ट्रॅफिक पार्कला गेले होते. मुलांना लाल-हिरवे दिवे आणि झेब्रा क्रॉसिंग शिकवायला नागपुरात बांधलेली ती जागा, तुम्हालाही लहानपणी नेलं असेल. बाहेर तुमची गाडी उभी होती. बंपर नवा, दिवा नवा, काचेवर या डिसेंबरच्या मनाली-सिस्सूचं बुकिंग सुरू असल्याचा फलक, आणि तोच बोगद्याचा फोटो. मी मागच्या डाव्या चाकापाशी वाकले. पर्समधून रुपयाचं नाणं काढलं आणि खाचेत उभं करून पाहिलं. उभं राहायला खाचच नव्हती. धाकट्याने विचारलं, आत्या, काय करून राहिली? मी त्याला नाणं दिलं आणि फलकावरच्या नंबरला फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत, म्हणून हे पत्र.

तुमच्या गाडीतली,
सीट नंबर सहा